बंद केलेलं वाय-फाय बंद राहू द्या

प्रति,
गूगल, ॲपल आणि भारतात स्मार्टफोन विकणाऱ्या सर्व कंपन्यांमधले
सेटिंग्ज ठरवणारे अधिकारी व डिझायनर यांस,

स.न.वि.वि.

डोंबिवलीत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी ज्येष्ठ नागरिकांसाठी मोबाईलचा वर्ग घेते. पैसे पाठवणं, लाइट बिल भरणं, गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यातून फोन मोकळा करणं, एवढं शिकवून झालं की मंडळी सेटिंग्जकडे वळतात आणि तिथे माझी पंचाईत होते. पैसे पाठवायचं बटण दाबलं की पैसे जातात, हे मी छातीठोक सांगू शकते. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करायचं बटण दाबलं की नेमकं काय होतं, हे सांगायचं तर आधी मलाच उलट प्रश्न विचारावे लागतात. फोन कुठला? किती जुना? वरचा पडदा ओढून बंद केलंत की सेटिंग्जमध्ये जाऊन? कानात काही घातलंय का? एका बटणासाठी एवढी उलटतपासणी.

तुमच्याकडे असली पत्रं पहिल्या परिच्छेदाच्या पुढे कुणी वाचत नसणार, म्हणून मागणी आधीच मांडते. मी जे बंद केलं ते मी चालू करीपर्यंत बंद राहावं. अर्धवट चालू, अर्धवट बंद अशा मधल्या अवस्था तुम्हाला लागत असतील तर खुशाल ठेवा, पण त्या बटणावरच दिसू द्यात.

आता तपशील. आयफोनमध्ये २०१७ सालच्या आयओएस ११ पासून कंट्रोल सेंटरमधलं, म्हणजे ओढून उघडायच्या पडद्यावरचं, वाय-फायचं बटण दाबलं की फोन जवळच्या नेटवर्कपासून तुटतो, पण आतला रेडिओ, म्हणजे वाय-फायच्या लहरी सोडणारा-पकडणारा भाग, चालूच राहतो. एअरड्रॉपला (जवळच्या फोनवर फोटो पाठवायची सोय), ॲपलच्या घड्याळाला, पेन्सिलीला असल्या गोष्टींना तो लागतो. ही तुटलेली जोडणी परत कधी जुळेल याची यादी ॲपलनेच आपल्या मदतपानावर दिली आहे. तुम्ही स्वतः जोडलंत की, फोन रीस्टार्ट केलात की, चालत किंवा गाडीने दुसऱ्या जागी गेलात की, आणि स्थानिक वेळेनुसार पहाटेचे पाच वाजले की. ब्लूटूथचंही तेच पाचचं गणित. खरोखर बंद करायचं तर सेटिंग्ज उघडून आत जावं लागतं. दोन्हींतला फरक चिन्हावर दाखवलेला आहे: नुसतं तुटलं असेल तर चिन्ह फिकं, बंद असेल तर त्यावर तिरकी रेघ. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेल्या माणसाला एवढ्याशा वर्तुळात ती रेघ शोधायला सांगून बघा.

वर्गात हा पाचचा नियम सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका म्हणाले, "मॅडम, मी एक बेल मारली की गाडी उभी राहायची. डबल बेल मारल्याशिवाय ड्रायव्हर गियर टाकायचा नाही. पहाटे पाच वाजले म्हणून गाडी आपली आपण डेपोतून सुटली, असं तेहतीस वर्षांत नाही बघितलं." सगळे हसले. मीही हसले, पण त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

भारतात मात्र दहातले नऊहून जास्त फोन ॲन्ड्रॉइडचे, त्यामुळे माझी मुख्य डोकेदुखी तिकडची आहे. ॲन्ड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, फोनमध्ये वाय-फाय स्कॅनिंग नावाची सोय आहे. वाय-फाय बंद असलं तरी ॲप्सना आणि सेवांना आजूबाजूची नेटवर्कं शोधू देणारी. नंतर तिच्या जोडीला ब्लूटूथ स्कॅनिंग आलं. या दोघांची बटणं वाय-फायच्या पानावर शोधून सापडत नाहीत. बहुतेक फोनवर सेटिंग्ज, मग लोकेशन, मग लोकेशन सर्व्हिसेस, आणि मग खाली कुठेतरी. ज्याला वाय-फाय बंद करायचं आहे तो माणूस लोकेशनच्या तिसऱ्या पायरीवर कशाला जाईल? वर्गात सगळ्यांना एकदम फोन काढायला लावून त्या पानावर नेलं, तर जवळजवळ प्रत्येकाकडे दोन्ही बटणं चालू. आपण ती कधी चालू केली हे कुणालाच आठवेना. आठवणार कसं? नवा फोन दुकानातला मुलगा सुरू करून देतो. 'पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे' असं करत त्याचा अंगठा सरसर जातो आणि मालक काउंटरवर काच लावायचे पैसे मोजत असतो.

२०१७ मध्येच ॲन्ड्रॉइड ८ बरोबर आणखी एक सोय आली, ओळखीच्या नेटवर्कजवळ आलात की वाय-फाय आपोआप चालू. अगदी अलीकडे ब्लूटूथच्या बाबतीतही 'उद्या आपोआप चालू करा' असा पर्याय आला. हा शेवटचा पर्याय निदान बंद करायच्या बटणाखालीच लिहिलेला असतो, त्याबद्दल तुमचे आभार. असं समोरासमोर सांगणं तुम्हाला जमतं, एवढं त्यावरून कळलं. मग बाकीच्या ठिकाणी का जमत नाही?

तुमची बाजू मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. डोंबिवलीतल्या चार मजली इमारतीत, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत जीपीएसचा सिग्नल काय डोंबल मिळणार? स्लॅब आणि भिंतीतून तो पोचतच नाही. वाय-फायच्या राउटरवरून मात्र जागा चटकन कळते. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपला ओळख क्रमांक हवेत सोडत असतो. फोन ते क्रमांक टिपतो, तुमच्याकडे पाठवतो, आणि तुमच्याकडे जगभरच्या राउटरांची जागेसकट यादी असल्यामुळे तुम्ही लगेच सांगता की हा फोन अमुक गल्लीत आहे. बॅटरी कमी लागते. रिक्षा दारात येते. एखाद्याला रात्री छातीत दुखायला लागलं आणि मदत बोलवायची वेळ आली, तर हीच अचूकता जीव वाचवू शकते. हे सगळं मी वर्गात सांगते. आणि सांगितल्यावर निम्मी मंडळी म्हणतात, "मग असू दे की चालू." काही अडचण नाही. ते त्यांना विचारून झालं.

पण त्या यादीचं दुसरं टोक माझ्या घरात आहे. माझ्या टीव्हीशेजारचा राउटर तुमच्या नकाशाच्या कामाला लागला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. नको असेल तर काय करायचं, याचं उत्तर गूगलने २०११ मध्ये दिलं: आपल्या वाय-फायच्या नावाच्या शेवटी एक अंडरस्कोर आणि त्यापुढे इंग्रजीत 'नोमॅप' असं जोडा, मग आम्ही तुमचा राउटर यादीतून वगळू. ॲपलनेही २०२४ पासून हीच खूण मानायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला यादीत राहायचं नाही त्यानेच आपल्या वायफायचं नाव बदलायचं, मग घरातले सगळे फोन, टीव्ही, सीसीटीव्ही नव्या नावाला नव्याने जोडायचे. राउटर केबलवाल्याने बसवलेला, त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे, आणि तो फोन उचलत नाही. असली सुटका म्हणजे दार तुम्ही उघडायचं आणि 'आत येऊ नका' अशी पाटी लावायची जबाबदारी मात्र घरमालकावर टाकायची, असं झालं.

हा नुसता तत्त्वाचा वाद आहे असं वाटत असेल तर २०२४ सालचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ॲपलच्या या सेवेला एका राउटरचा क्रमांक विचारला तर ती आजूबाजूच्या शेकडो राउटरांच्याही जागा उत्तरात देत होती. असं विचारत विचारत त्यांनी जगभरच्या कोट्यवधी राउटरांच्या जागा गोळा केल्या आणि कुठला राउटर कुठून कुठे हलला हेही बघितलं. युक्रेनमधली युद्धभूमीसुद्धा त्यात आली. ॲपलने नोमॅपची खूण मानली ती या संशोधनाच्या सुमारास.

युद्धभूमी राहू द्या. सासरच्या जाचाला कंटाळून एखादी बाई भाड्याच्या खोलीत राहायला जाते आणि जाताना आपला वायफायचा डबा सोबत नेते, कारण महिन्याचं रिचार्ज तिनेच भरलेलं असतं. नवऱ्याच्या फोनमध्ये त्या डब्याचा क्रमांक जुना पडून आहे. तो क्रमांक आज कुठे बोलतोय हे बाहेरच्या माणसाला विचारता येत असेल, तर तिने पत्ता कुणाला न सांगून उपयोग काय? तिच्या दृष्टीने या सेटिंगचा अर्थ तुमच्या सोयीच्या यादीत बसत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. २००७ मध्ये मुंबईत एमखोज नावाने एक कंपनी सुरू झाली, पुढे तिचं नाव इनमोबी झालं, बस्तान बंगळुरूला हललं आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत ती जगभर पोचली. २०१६ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, तिच्यावर आरोप ठेवला की लोकांनी लोकेशनची परवानगी नाकारली असतानाही तिने आसपासच्या वायफायच्या क्रमांकांवरून त्यांची जागा काढली, आणि तीही कोट्यवधी लोकांची, लहान मुलांसकट. प्रकरण ९,५०,००० डॉलरच्या दंडावर मिटलं. आपल्या मातीतल्या पोरांनी उभारलेली कंपनी म्हणून मला तिचा अभिमान वाटायला हरकत नव्हती. पण मुद्दा असा की 'नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या खिशातलं वाय-फाय त्याच्या वतीने 'हो' म्हणत होतं, आणि ते म्हणू शकेल अशी वाट प्रणालीतच मोकळी होती. ती वाट तुम्ही बुजवलीत हे खरं. ॲन्ड्रॉइड ६ पासून आसपासच्या नेटवर्कांची यादी हवी असेल तर ॲपला लोकेशनची परवानगी लागू लागली. त्याचा आणखी एक गमतीदार परिणाम असा झाला की कानातल्या बोळ्यांचं ॲपसुद्धा "तुम्ही कुठे आहात ते सांगा" म्हणू लागलं, कारण ब्लूटूथची शोधाशोधही त्याच परवानगीत बांधली होती. २०२१ च्या ॲन्ड्रॉइड १२ मध्ये 'जवळची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली तेव्हा कुठे ते सुटलं. आमच्या वर्गातले निम्मे फोन मात्र त्याच्या आधीचे आहेत.

हे फोनचं वय तुमच्या लक्षात राहत नाही असं वाटतं. आमच्याकडे फोन वरून खाली येतो. मुलगा नवा घेतो, जुना बाबांना देतो, बाबांचा आईकडे जातो, आईचा मावशीकडे. मावशीपर्यंत पोचतो तेव्हा त्याला सुरक्षा अपडेट येणं कधीच थांबलेलं असतं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ब्लूबॉर्न नावाने ब्लूटूथमधल्या त्रुटी बाहेर आल्या. ब्लूटूथ नुसतं चालू असलं तरी, कुठल्याही उपकरणाशी जोडणी न करता, फोनचा ताबा घेता येण्यासारख्या. ज्यांना अपडेट मिळालं त्यांचं ठीक. ज्यांना मिळणार नव्हतं त्यांना जाणकारांनी सांगितलेला उपाय एकच होता, गरज नसेल तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवा. तो एकमेव उपाय ज्या बटणावर उभा आहे त्याच्याशीच तुम्ही खेळ मांडलात.

तुम्ही काही चांगलं केलंच नाही असं मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागात जाहिरातीचे पडदे लावलेल्या कचरापेट्या रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या फोनचे वाय-फाय क्रमांक टिपत होत्या. बातमी फुटली आणि ऑगस्टमध्ये तिथल्या महापालिकेने ते थांबवायला लावलं. तेव्हा प्रत्येक फोनचा वाय-फाय क्रमांक जन्मापासून मरेपर्यंत एकच असायचा, म्हणून ही पाळत इतकी सोपी होती. पुढच्याच वर्षी आयओएस ८ मध्ये नेटवर्क शोधताना बनावट क्रमांक वापरायला सुरुवात झाली. २०१९ च्या ॲन्ड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा क्रमांक देणं हेच मूळ सेटिंग झालं. कुणी मागणी केली नव्हती, कुणाला सेटिंग्जमध्ये जावं लागलं नाही, कंडक्टर काकांना त्याचा पत्ताही नाही आणि तरी त्यांचा फायदा झाला. खाजगीपणाची सोय करायची इच्छा असली की ती कशी करायची हे तुम्हाला उत्तम कळतं.

(जाता जाता वाचकांसाठी एक. सुरक्षिततेसाठी म्हणून घरच्या वायफायचं नाव लपवून ठेवणारे बरेच जण आहेत. नाव लपवलं की राउटर गप्प बसतो, आणि मग तुमचा फोनच जाईल तिथे "अमुक नावाचं नेटवर्क आहे का इथे?" असं विचारत फिरतो. हात दाखवून अवलक्षण. नाव दिसू द्या, पासवर्ड मोठा ठेवा.)

आता नावाचंच निघालं आहे तर लोकलच्या महिलांच्या डब्यात या. कल्याण फास्ट, ठाणे सुटलं की वाय-फायची यादी उघडायची. आठ-दहा हॉटस्पॉट हमखास दिसतात. त्यांत कंपनीच्या मॉडेलचं नाव असलेले चार, आणि बाकीच्यांवर मुलींची नावं. कुणाचं पहिलं नाव, कुणाचं आडनावासकट. फोन सुरू करताना खात्यावरून नाव उचललं गेलं, तेच फोनचं नाव झालं, तेच हॉटस्पॉटचं आणि तेच ब्लूटूथचं. शेजारच्या डब्यातल्या माणसाला ते पार्टिशनच्या जाळीतून दिसतं आणि मुलीला पत्ताही नसतो. यादीतलं एक नाव वाचून मी समोर बघितलं, तर ओळखपत्र गळ्यात अडकवलेली मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. ओळखपत्रावर तेच नाव, खाली कंपनी. मी उतरताना तिला हलवून सांगावं की नाही या विचारात होते आणि डोंबिवली आली. आता मला सांगा, फोनला मालकिणीचं नाव द्यायची सक्ती कुणी केली होती? मॉडेलचं नाव किंवा उगाच चार अंक चालले नसते?

याच डब्यात अनोळखी फोनवरून नको ते फोटो येण्याचा प्रकार होतो. त्यावर तुमचा उपाय काय होता ते आठवा. एअरड्रॉपमध्ये 'सगळ्यांकडून' हा पर्याय ठेवला तर तो दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हा नियम आधी चीनमधल्या फोनवर आला, तिथे तो का आला याची चर्चा वेगळी, आणि डिसेंबरमध्ये बाकीच्या जगात. ॲन्ड्रॉइडच्या क्विक शेअरमध्येही दहा मिनिटांची मुदत आहे. म्हणजे आपोआप बंद होणारं बटण तुम्हाला बनवता येतं. मला नेमकं तेच हवं आहे, आणि तुम्ही देता ते आपोआप चालू होणारं.

सरकारबद्दल चार शब्द लिहायला हवेत, नाहीतर सगळं खापर तुमच्याच डोक्यावर फोडलं असं होईल. २०२० च्या २ एप्रिलला आरोग्य सेतू आलं. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू ठेवा, असं ते सांगत असे. १ मेच्या आदेशात नोकरदारांना ते सक्तीचं झालं, पंधरवड्यात ती सक्ती सैल झाली. महासाथीत ते समजण्यासारखं होतं. पण ब्लूटूथ चालू ठेवा हे जितक्या मोठ्या आवाजात सांगितलं गेलं, तितक्या आवाजात 'आता बंद केलंत तरी चालेल' हे कुणी सांगितलं नाही. सार्वजनिक वायफायचंही तसंच. मुंबई सेंट्रलला २०१६ च्या जानेवारीत फुकट वाय-फाय सुरू झालं, गूगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांच्या योजनेतलं ते पहिलं स्टेशन. तिथे शिरायचं तर मोबाईल नंबर द्यायचा, ओटीपी घालायचा. मग तुमचा तो प्रत्येक नेटवर्कला वेगळा क्रमांक देण्याचा खटाटोप तिथे कितीसा कामाचा?

कायदा मात्र आता माझ्या बाजूने थोडा सरकला आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. योगायोगाने त्याच वर्षी तुमच्या दोन्ही प्रणालींनी बटणं आपोआप चालू करायला सुरुवात केली, हे मी वर सांगितलंच. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. त्या कायद्यात दोन वाक्यं माझ्या कामाची आहेत. एक, संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. दोन, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. शिवाय संमतीची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्यायही द्यायचा आहे, आणि त्यात मराठी आहे. वाय-फाय स्कॅनिंग या कायद्याच्या कचाट्यात नेमकं किती सापडतं, यावर वकील भांडतील. मोजपट्टी म्हणून मला ती दोन वाक्यं पुरतात. देताना दुकानातल्या मुलाचा एक अंगठा, आणि परत घेताना चार पानं खोल उतरायचं, याला 'तितक्याच सहज' म्हणत नाहीत.

तुमच्याकडून उत्तर काय येईल तेही मी ऐकलं आहे. लोक बटण बंद करतात, मग विसरतात, मग घड्याळ जोडलं जात नाही, हरवलेला फोन सापडत नाही, आणि शिव्या कंपनीला बसतात. खरं आहे. आमच्याच वर्गातल्या एका आजींचं श्रवणयंत्र ब्लूटूथवर चालतं आणि त्यांच्या नातीने फोनची 'साफसफाई' करताना ते बंद केलं, तर दिवसभर आजींना कुणी काय बोललं ते कळेना. अशांसाठी आपोआप चालू होणं हे वरदान आहे. त्यांनी ते निवडावं. पण त्यासाठी सगळ्यांचंच बटण खोटं का पाडायचं? पडदा ओढून ब्लूटूथ बंद केलं की तिथेच तीन ओळी येऊ द्यात: तासाभरासाठी, उद्या सकाळपर्यंत, मी परत चालू करीपर्यंत. निवडलेलं पुढच्या वेळी लक्षात ठेवा. आजी पहिली ओळ निवडतील, काका तिसरी, आणि मावशीला काहीच कळलं नाही तर तीही तिसरीच असू द्या. एवढं करायला कुठलं नवं संशोधन लागत नाही.

स्कॅनिंगची दोन्ही बटणं वायफायच्या आणि ब्लूटूथच्या पानावर आणा. लोकेशनच्या पानावरही राहिली तर माझी ना नाही. वाय-फाय बंद असताना फोन शोधाशोध करत असेल तर वरच्या पट्टीत त्याची खूण दिसू द्यात. कॅमेरा किंवा माइक चालू झाला की हिरवा किंवा केशरी ठिपका दाखवायला तुम्ही शिकलातच की. फोनच्या नावात माणसाचं नाव घालणं बंद करा, हे तर उद्याच्या अपडेटमध्ये होण्यासारखं आहे. आणि जुन्या फोनला सुरक्षा अपडेट देणं थांबवताना निदान शेवटच्या अपडेटमध्ये एक काम करा: सगळी स्कॅनिंग बंद करून ठेवा आणि मालकाला सांगा की आता आमची साथ इथवर, गरज नसेल तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवत जा.

राउटर यादीतून वगळण्यासाठी नाव बदलायला लावू नका. राउटर विकणाऱ्यांशी आणि केबलवाल्यांना राउटर पुरवणाऱ्यांशी बसून काहीतरी खूण ठरवा, जी राउटर बसवतानाच विचारली जाईल. ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही हे मान्य. पण जगभरच्या राउटरांची यादी बनवणं तर तुमच्या एकट्याच्या हातात होतं ना?

भारतात फोन जोडणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनो, तुम्हीही 'आम्ही काय करणार, प्रणाली गूगलची' म्हणून हात वर करू नका. प्रणालीवर स्वतःचा साज चढवून, हवामानाचं, बातम्यांचं, खेळांचं नको ते ॲप घुसडायला तुम्हाला बरं जमतं. मग सेटिंग्जचं एक पान हलवायला जमेल. दुकानातल्या मुलाला प्रशिक्षण देताना 'पुढे, पुढे' करण्याआधी गिऱ्हाइकाला एकदा विचार, एवढं सांगायलाही पैसे पडत नाहीत.

उत्तर पाठवलंत तर मराठीत पाठवा. शनिवारच्या वर्गात मी ते फळ्यावर उतरवून घेईन, आणि मंडळी त्यावर प्रश्न विचारतील तेही तुम्हाला कळवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ग्राहक, डोंबिवली